होआबाईंच्या पातोळ्या

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
माघ वद्य षष्ठी

ती. वन्सं यांस,

कुंदाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतेय. इथली फरशी इतकी गुळगुळीत आहे की खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? तेल रोज चोळता, की मी निघताना ठेवली तिथेच ती बाटली अजून आहे? परसातल्या कलमांना मोहर किती आलाय तेही कळवा. उपेंद्रनं फोटो मागितला होता, पण तुमच्या फोनमधून आलेल्या फोटोत मोहराऐवजी तुमचा अंगठाच दिसतो. इकडे मी, उपेंद्र, ऋजुता आणि अस्मी खुशाल आहोत. खुशाल म्हणजे प्रकृतीनं. मनाचं विचाराल तर मला इथे क्षणभर करमत नाही. आमच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते आणि तिच्या खिडकीतून आमची दिसत असणार, एवढंच काय ते निसर्गदर्शन. बारा मार्चचं परतीचं तिकीट आहे, त्याच्याकडे डोळे लावून बसलेय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. एक तर तेहतीस वर्षं देवरुखच्या पोस्टात काउंटरवर बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारू नये. दुसरं म्हणजे या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या. मी फोनवर बोलायला लागले की स्वयंपाकघरात ऋजुताला आणि तिच्या खोलीत अस्मीला शब्दन् शब्द ऐकू जातो, आणि मला जे सांगायचंय त्यात माझी अब्रू थोडी गुंतलेली आहे. तिसरं, तुम्हालाही एका गोष्टीचा जाब विचारायचाय. तो मात्र क्रमानं विचारीन, आधी माझं ऐका.

डिसेंबरात इथे उतरले त्याच दिवशी मी फ्रिज उघडला. आत पारदर्शक डब्यांची चळत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर अक्षरं इंग्रजी, पण त्यांच्या डोक्यावर आणि पायाखाली इतके ठिपके, टोप्या आणि शेपट्या की वाचायला जावं तर जीभ अडखळावी. काही चिठ्ठ्यांवर हिरवा गोल. हे काय म्हणून विचारलं, तर ऋजुता बॅग ठेवता ठेवता म्हणाली, आई, डेलीतून आणलंय. मी समजले, डेली आणते, म्हणजे रोजच्या रोज आणते. कपाळाला हात लावला. (दोन दिवसांनी अस्मीनं खुलासा केला की डेली म्हणजे घरच्यासारख्या तयार पदार्थांचं दुकान, त्याचं स्पेलिंग वेगळं. पण तोवर मी मनात सुनेचा निकाल लावून बसले होते, आणि माझे निकाल खुलाशांनी बदलत नाहीत हे तुम्ही चाळीस वर्षं पाहताय.) दुकान एका व्हिएतनामी बाईचं. व्हिएतनाम म्हटल्यावर मला एवढंच आठवलं, की आपण शाळेत होतो तेव्हा तिकडे युद्ध चालू होतं आणि बातम्यांत रोज मेलेल्यांचे आकडे सांगायचे. ती माणसं जेवतात काय, याची चौकशी तेव्हा कोणी केली नव्हती.

मी दुसऱ्या दिवसापासून पदर खोचला. उपेंद्र सहाला तेल कंपनीच्या साइटवर जातो, ऋजुता सातला बँकेत, अस्मी शाळेत. ही तिघं परत येईपर्यंत मी डाळिंब्यांची उसळ, कढी, भरली वांगी, घडीच्या पोळ्या असा लग्नघरासारखा स्वयंपाक करून ठेवायची. संध्याकाळी अस्मी ताटाकडे बघून फार गोड आवाजात म्हणायची, "आजी, इट्स रिअली नाइस, बट कॅन आय हॅव टोफू?" उपेंद्र मीटिंगमध्ये काहीतरी खाऊन आलेला असायचा. ऋजुता सगळं वाढून घ्यायची, सगळ्याला छान म्हणायची, पाहुण्यांकडे जेवायला बसल्यासारखी. मधूनच ती एखादा हिरव्या गोलाचा डबा माझ्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, आई, हे तुमच्यासाठी जरा. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नको म्हणायची. असं निदान पाच-सहा वेळा झालं. वन्सं, तिथे तुम्ही माझ्या आमटीत मीठ कमी म्हणून भांडता तरी. इथे कोणी भांडतसुद्धा नव्हतं. आपली इथे कुणाला गरज नाही, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं, आणि ते वाटणं मी पोळ्या लाटण्यात घालवायची. पोळ्या फार झाल्या. त्याही शेवटी डब्यांशेजारी फ्रिजमध्ये जाऊन बसल्या.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी मी एकटीच होते. वरणभात केला होता, पण एकटीनं जेवायची इच्छा होईना. लिंबू काढायला फ्रिज उघडला आणि केळीच्या पानाचा वास आला. वाफवलेल्या पानाचा. हिरव्या गोलाच्या एका डब्यात पानात बांधलेल्या सहा पुड्या होत्या, अगदी काळजीपूर्वक दोरा गुंडाळलेल्या. मी एक नुसती बघायला सोडली. तांदळाची मऊसूत पारी, आत नारळ आणि गूळ. हळदीच्या पानाऐवजी केळीचं पान, आणि पारी आपल्यापेक्षा जरा चिकट, एवढाच फरक. वन्सं, नागपंचमीची पातोळी जानेवारीत, वाळवंटात, फ्रिजमध्ये. मी फ्रिजच्या दारातच उभी राहून खाल्ली. मग तुलना नीट व्हावी म्हणून दुसरी खाल्ली. दार फार वेळ उघडं राहिल्यामुळे फ्रिज टूं टूं करून ओरडायला लागला, तेव्हा डब्यात दोरे आणि पानं उरली होती.

आता आली का पंचाईत. महिनाभर नको नको म्हणणारी बाई सगळा डबा फस्त करते, हे घरात कळलं तर तोंड कुठे लपवू? मी एक पान धुऊन, पुसून पर्समध्ये घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परदेशात एकटी घराबाहेर पडले. खाली कमरुद्दीनला पत्ता विचारला. हा आमच्या इमारतीचा वॉचमन. इथे वॉचमनला नातूर म्हणतात. उपेंद्रनं ओळख करून दिली होती ‘हा कमरुद्दीन, नातूर’ अशी, तेव्हा आपल्याकडे नातू असतात तसं याचं आडनाव असेल असं समजून मी त्याला कोणत्या गावचे नातूर म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो. त्यानं डावीकडचा दुसरा रस्ता दाखवला. वाटेत एकच रस्ता ओलांडायचा होता, पण इथे बाई दिसली की गाड्या थांबतात. मला त्याची सवय नसल्यामुळे मी घाबरून मागे फिरले. त्या निघाल्या. मी पुढे झाले, त्या परत थांबल्या. असं तीनदा झाल्यावर एका अरब गृहस्थानं काच खाली करून हातानं ‘यल्ला, यल्ला’ अशी खूण केली, तेव्हा मी गेले.

लाँड्री आणि शिंप्याच्या मध्ये हातभर रुंदीचं दुकान. काचेमागे स्टीलचे ट्रे, भिंतीला फ्रिज, आणि काउंटरपाशी साठीला टेकलेली एक ठेंगणी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांना लहान मुलींची असते तशी चिमटा-पिन. हीच होआ. मी पर्समधून पान काढून काउंटरवर ठेवलं. तिनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतकी गोड हसली की मला पोस्टातला माझा काउंटर आठवून लाज वाटली. मग दोन हातांत पानाच्या पुड्यांचे दोन डबे धरून म्हणाली, "चाय? चाय?" मनात म्हटलं, काय रीत आहे बघा, नव्या गिऱ्हाइकालासुद्धा चहा विचारते. मी हात हलवून सांगितलं, नो नो, घरूनच पिऊन आलेय. पोटावर हात फिरवूनही दाखवला. तिला जरा नवल वाटलेलं दिसलं, पण तिनं एक डबा परत ठेवला आणि दुसरा मला बांधून दिला. पंधरा दिऱ्हॅम, म्हणजे साडेतीनशे रुपये झाले. (केळीच्या पानात बांधलेल्या वस्तूला साडेतीनशे, हे परसातल्या केळींना सांगू नका.) घरी येऊन मी त्या सहा पुड्या जुन्या, हिरव्या गोलाच्या डब्यात नीट रचल्या, नवा डबा कचऱ्यात खोल दाबला आणि अंगणात सडा घातलेल्या बाईच्या शांतपणानं मटार सोलायला बसले.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे नको म्हटल्यावर ऋजुतानं त्यातली एक पुडी सोडून अस्मीला दिली. अस्मीनं घास घेतला आणि म्हणाली, "मम्मा, धिस हॅज श्रिम्प." श्रिम्प म्हणजे कोळंबी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण वास कुठल्या भाषेत लपतो? ऋजुताचा चेहरा पांढरा पडला. तिनं डबा फिरवून हिरवा गोल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच दुकानात फोन लावला. शांत स्वभावाची मुलगी, पण इतक्या तीव्र आवाजात बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. भराभरा इंग्रजी होतं, मला ‘मदर’ आणि ‘नेव्हर’ एवढेच शब्द कळले. चूक त्या बाईची नव्हती, माझी होती, हे सांगायची संधी मला दोनदा आली. दोन्ही वेळा मी मटाराची शेंग उघडली, तोंड नाही.

सकाळी सगळी गेल्यावर मी दुकान गाठलं. होआ एकटीच होती. एक ट्रे रिकामा करून ठेवलेला आणि ती एक लहानसं मोदकपात्र (मोदकपात्रच म्हणायचं, दुसरं काय) घासत होती, जे आधीच आरशासारखं चकचकीत होतं. डोळे सुजलेले. मला बघताच तिनं ओळखलं, हात पुसले, फोन उचलला, त्यात तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला. फोनमधली बाई हिंदीत बोलायला लागली. इथे हिंदी सगळ्यांना येतं, फोनलासुद्धा. बोलणं असं: "मैंने पूछा था, शाकाहारी? आपने कहा, नहीं नहीं, पेट भर गया।" तेव्हा कळलं की त्यांच्या भाषेत शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात. माझं कालचं पान आणि सुनेचा रात्रीचा फोन यांचा मेळ तिनं एव्हाना घातलेला दिसला, कारण फोन पुढे म्हणाला, "आपकी बेटी हर हफ़्ते मुझे डराती है। कहती है, मेरी माँ आई है। मछली नहीं, अंडा नहीं, मछली की बू भी नहीं। माँ के लिए बर्तन अलग।"

मी म्हटलं, माझी कसली मुलगी? मला एकच मुलगा. होआनं फोनवर ऋजुताचा फोटो दाखवला. मग ते मोदकपात्र माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या कडीला हिरवा दोरा बांधलेला होता. ते माझं. डिसेंबरपासून त्यात फक्त माझ्यासाठी शिजत होतं. दर गुरुवारी ऋजुता बँकेतून येताना उभी राहून बजावून घ्यायची, पैसे आगाऊ द्यायची, हिरवा गोल स्वतः चिकटवायची आणि तो डबा घरी आणून माझ्यापुढे सरकवायची. आणि मी नको म्हणायची. वन्सं, तिथे एक तांदळाचं पोतं होतं, त्यावर मी बसले.

थोड्या वेळानं मी त्याच फोनमध्ये हिंदीतून कबुली दिली. (माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे. ‘मैं सब खा गई’ हे तरी बरोबर गेलं असावं.) होआनं ऐकलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खलास." हा इथला अरबी शब्द, संपलं या अर्थाचा. ती हसायला लागली. मग तिनं सांगितलं की ऋजुताला तिनं आधीच सांगून टाकलंय, चिठ्ठी चुकीची लागली, चूक माझीच. म्हणजे माझा दोष त्या बाईनं मला न ओळखताच अंगावर घेतला होता. मी म्हटलं, उद्या मी सुनेला खरं काय ते सांगते.

तो उद्या पुढे कितीतरी दिवस चालला. सकाळी मी फिरायला म्हणून निघायची आणि चार मिनिटांत पोतं गाठायची. उपेंद्रनं कौतुकानं मला चालायचे बूट आणून दिले. तीन किलो वजन वाढलं, त्याला तो हवापाणी मानवलं म्हणतो. काय सांगू तुम्हाला, ही बाई घावन घालते. हळदीचं, नारळाच्या दुधातलं, कडा करकरीत, आणि घडी घालायच्या आधी आत मोड आलेले मूग टाकते. चिंचेचं सार करते, त्यात भेंडी आणि अननस. वाचून तुम्ही नाक मुरडलंत हे मला इथून दिसतंय, मीही मुरडलं होतं, पण त्यानंतर दोन वाट्या प्यायले. मुगाची खीर तर हुबेहूब आपली, फक्त ती गार खातात. टोफू म्हणजे पनीरचा अबोल, गरीब भाऊ, पण टोमॅटोच्या रश्श्यात त्याला बरा आवाज फुटतो. एकाच दुकानात मासे आणि माझं मोदकपात्र, तर ओट्याचं काय, विळीचं काय, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. होआ मला ‘चि कुंदा’ म्हणते. त्यांच्यात थोरल्या बहिणीला चि म्हणतात. सदुसष्टाव्या वर्षी मी चि. कुंदा झालेय, आता कां. तेवढं लागायचं राहिलंय.

आणि एक, तिच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत इंग्रजी तारखेखाली बारीक आकड्यात चंद्राची तिथी असते. पौर्णिमा आणि अमावस्या हे दोन दिवस ती मासे शिवत नाही, अख्खं दुकान शाकाहारी. आम्ही दोघी बोटांवर तिथ्या मोजतो आणि बोटं जुळतात. तिचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी इथे हॉटेलात नोकरीला, तिच्या पाठोपाठ ही आली.

आता पौर्णिमेचं सांगते. तुमच्या भावाची तिथी. आठ दिवस आधीपासून मी वाट बघत होते की कोणी विषय काढेल. उपेंद्र काढीना, ऋजुता काढीना. मीही काढला नाही. आपल्या माणसाची आठवण दुसऱ्यांना करून द्यावी लागते, याचं मला फार वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की मी गप्प बसते हे तुम्हाला माहीत आहे. (बोलते तेव्हा मला राग आलेला असतो. हे वेगळं.) त्या दिवशी सकाळी तिघं नेहमीसारखी ‘बाय आई’, ‘बाय आजी’ करून गेली. मी न्हाले, यांच्या आवडीची निळी साडी नेसले, आणि देवापुढे बसायचं सोडून सरळ होआकडे गेले. का गेले, मला सांगता येत नाही. तिथे जावंसं वाटलं.

त्यांच्या नव्या वर्षातली ती पहिली पौर्णिमा, फार मोठी मानतात. दुकानाच्या आतल्या बाजूला एका फळीवर तिच्या यजमानांचा फोटो होता, पुढे फळं, चहाचे छोटे तीन कप, ताटात घावन, खीर, पानातल्या पातोळ्या, आणि उदबत्ती. मी बघतच राहिले. होआनं मला विचारलंही नाही. एक कप आणखी ठेवला, त्यात चहा ओतला आणि माझ्या पर्सकडे बोट केलं. मी फोन काढला, त्यातला यांचा फोटो लावला, तो गुहागरच्या लग्नातला, फेट्यातला. तिनं तो किटलीला टेकवून उभा केला. दोन्ही बाप्ये शेजारी शेजारी. मी हात जोडले तेवढ्यात फोनचा उजेड गेला आणि हे दिसेनासे झाले. होआनं बोट लावून परत उजेड आणला. अर्ध्या मिनिटानं परत अंधार. परत तिनं बोट लावलं. मी डोळे मिटून बसले होते, आणि दर वेळी डोळे उघडले की ती बाई, जिनं यांना कधी पाहिलं नाही, जिला यांचं नावसुद्धा म्हणता येत नाही, ती बोट लावून यांना मावळू देत नव्हती. मधूनमधून मात्र ती दाराकडे बघत होती. ते का, ते मला नंतर कळलं.

दार वाजलं. मागे ऋजुता उभी. बँकेच्या कपड्यांत, हातात रिकामी पिशवी. तिनं मला पाहिलं, उदबत्ती पाहिली, किटलीला टेकलेले सासरे पाहिले.

"आई, तुम्ही इथे?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "ती कोळंबी मी आणली होती. हिची काही चूक नव्हती. तुझा डबा मी खाल्ला होता."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग होआकडे वळली आणि इंग्रजीत सॉरी म्हणाली, दोनदा. होआ खलास, खलास म्हणत आत गेली आणि भलीमोठी पिशवी घेऊन आली. ती ऋजुतानं आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलेली होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून ती न्यायलाच आली होती.

"मला वडे येत नाहीत, आई," ऋजुता म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पहाटे उठून एकट्यानं सगळं केलं असतंत. म्हणून मी आत्यांना विचारलं, बाबांना काय आवडायचं."

तिनं पर्समधून एक कागद काढला. डाव्या बाजूला तिच्या अक्षरात तुमची यादी: घावन, पातोळ्या, सार, मुगाची खीर. उजव्या बाजूला टोप्या-शेपट्यांच्या अक्षरात होआनं एकेकाला आपला जोडीदार लिहून दिलेला. आता माझा जाब. वन्सं, महिनाभर तुम्ही फोनवर मला गुडघ्याची सगळी हकीकत सांगितलीत, लिमयांच्या मांजरीला किती पिल्लं झाली ते सांगितलंत, आणि माझी सून तुमच्याकडून माझ्या नवऱ्याच्या आवडीनिवडी लिहून घेतेय, हे एका शब्दानं बोलला नाहीत? मी तिथे रडले नाही. त्या दुकानात हवा खेळती नाही आणि उदबत्ती फार धुराची होती.

उपेंद्र बाराला साइटवरून तसाच आला, त्या जड बुटांनिशी. गुरुजी देवरुखहून फोनवर होते, संकल्प ऐकू आला, मध्ये आवाज अडकला, मग एकदम आशीर्वादच आला. वडे आणि आमसुलाची चटणी मी घरी केली. ऋजुता वडे थापायला बसली. तिचा पहिला वडा इतका पातळ होता की त्यातून प्लॅस्टिकवरची जाहिरात वाचता येत होती. चौथा बरा झाला. ताट वाढलं, त्यात निम्मं माझं, निम्मं होआचं. जेवताना उपेंद्रनं घावनाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाला, "बाबांना हे आवडलं असतं. पण आधी त्यांनी नावं ठेवली असती." ते इतकं खरं होतं की आम्ही सगळीच हसलो, आणि मग कोणी कोणाकडे पाहिलं नाही. संध्याकाळी अस्मीला घेऊन मी होआला वडे देऊन आले. तिनं वडा सोया सॉसमध्ये बुडवून खाल्ला. मी दुसरीकडे पाहिलं.

तर असं सगळं झालं. गुडघ्याला जपा, माळ्यावर चढू नका, आणि गॅसची नोंदणी माझ्या नावानं आहे ते लक्षात ठेवा.

तुमची,
कुंदा

ता.क. १: होआचं घावन माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे फक्त तुम्हाला. देवरुखात कोणाला बोललात तर मी साफ नाकबूल जाईन.

ता.क. २: मूळ काम राहिलंच. तुम्ही उपेंद्रला फोन करा आणि सांगा की माझ्या खोलीला वाळवी लागलीय, औषध मारलंय, जमीन उकरलीय, तेव्हा आईला एप्रिल अखेरपर्यंत पाठवू नकोस. आत्या, मग तू कुठे राहतेस असं तो विचारील. सांगा, मी ओटीवर निजते, मला वाळवी चालते. मला इथे करमत नाही हे वर लिहिलंय ते लिहिलंय, पण ऋजुताचे वडे अजून एकसारखे होत नाहीत आणि अमावस्येला होआकडे पानं पुसायला कोणी नाही. मी होऊन राहते म्हणाले तर बरं दिसणार नाही.

ता.क. ३: हे पत्र ऋजुताकडे देतेय, तिच्या बँकेतल्या कोणीतरी शनिवारी रत्नागिरीला जातंय. पाकिटाला डिंक नाही, पण ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.

आत्या, नमस्कार. मी ऋजुता. फक्त पाकीट चिकटवणार होते, पण पातोळ्या हा शब्द दिसला आणि पुढे थांबता आलं नाही. आईंचं तिकीट मी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी मे महिन्यावर ढकललंय, व्हिसाचंही उपेंद्रनं बघितलंय. त्यांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं, कारण त्या बारा मार्च बारा मार्च करत असतात. त्यामुळे वाळवीचा फोन नक्की करा. शक्यतो रविवारी सकाळी करा, सगळे घरी असतो. मी फोन स्पीकरवर ठेवीन.

— ऋजुता